रस्ता उघडा असेपर्यंत

भाच्याचा फोन आला तेव्हा मी डब्यांच्या आमटीला फोडणी देत होतो.

"मामा, लेहला कुकची नोकरी मिळतेय. मे ते सप्टेंबर. राहणं-खाणं मालकाचं. जाऊ का?"

त्यानं आयटीआयला फूड प्रॉडक्शन केलंय. दोन वर्षं साताऱ्यात एका हॉटेलात आहे, पण कांदे चिरणं आणि ग्रेव्ही ढवळणं यापुढे त्याला कुणी जाऊ दिलेलं नाही. माझ्याकडून त्याला 'जा' ऐकायचं होतं, हे आवाजावरून कळत होतं. "रात्री बोलू," म्हणालो आणि फोन ठेवला.

रात्री बोललो, पण तुटक. मला जे सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहायला बसलोय. असा फोन येणारी पोरं वाईत असतील, चिपळुणात असतील, मडगावातही असतील.

२०१२ ते २०१९ असे आठ हंगाम मी लेहमध्ये स्वयंपाक केला. एक हिवाळाही तिकडे काढला. त्याआधी महाबळेश्वरला होतो. महाबळेश्वरचा आचारी पावसाळ्यात काय करतो, असा प्रश्न पर्यटकाला पडत नाही. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की गिऱ्हाईक ओसरतं आणि निम्मा भटारखाना घरी जातो. गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक तर मेअखेर उतरवावेच लागतात, ते दसरा-दिवाळीच्या सुमारास पुन्हा उभे राहतात. नेमक्या त्याच महिन्यांत लडाख उघडतो. आपल्याकडे कोसळणारा पाऊस हिमालयाच्या रांगा अडवून धरतात. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पडतो, महाबळेश्वरात तेवढा एका दुपारीही पडतो. आपला रिकामा काळ हाच तिथला हंगाम.

हे गणित नेपाळी आणि हिमाचली पोरांनी कधीच सोडवलं होतं. हिवाळा कळंगुट नाहीतर पाळोळ्याला काढायचा, मे संपला की मनाली किंवा लेह गाठायचं, ऑक्टोबरात पुन्हा खाली. आमच्या तंदूरवर असाच एक नेपाळी होता. वयानं मोठा, म्हणून मी त्याला दाजू म्हणायचो. २०१२ च्या वसंतात तोच म्हणाला, "चल मेरे साथ. उधर बारिश नहीं है, काम है." महाबळेश्वरात मला महिन्याला ८ हजार मिळत होते, तिथे १२ ठरले. घरी आईला सांगितलं, पाच महिन्यांत परत येतो.

दाजू श्रीनगरहून रस्त्यानं गेला. कारगिलला मुक्काम करत, दोन दिवसांत हळूहळू चढत. मला मालकानं विमानाचं तिकीट पाठवलं होतं, पगारातून कापून घ्यायच्या बोलीवर. दिल्लीहून सव्वा-दीड तासात माणूस साडेतीन हजार मीटरवर उतरतो. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाएवढाच. पर्यटकांना सगळे सांगतात, विमानातही आणि हॉटेलातही: पहिले दोन दिवस पडून राहा, पाणी प्या, जिने चढू नका. आमच्या हॉटेलच्या प्रत्येक खोलीत तशी छापील पाटी होती. मला मात्र त्याच संध्याकाळी चाळीस पानांच्या बुफेला उभं केलं.

डोकं इतकं ठणकत होतं की कढईतली भाजी दोनदा दिसायची. भांडी घासायच्या मोरीत दोनदा उलटी केली, तोंड धुतलं आणि परत शेगडीपाशी आलो, कारण पहिल्याच दिवशी बसलो तर काढून टाकतील ही भीती. रात्री दाजूनं पाहिलं, हाताला धरून खोलीत नेलं आणि मॅनेजरला सांगून आला की हा परवापर्यंत उठणार नाही. त्यानं माझा पुढचा दिवसभराचा भार स्वतः उचलला. त्या उंचीवर माणसाच्या फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठू शकतं आणि वेळीच खाली उतरवलं नाही तर जीव जातो, हे मला नंतर कळलं. मालक दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. पाहुण्यांच्या विश्रांतीची त्याला मनापासून काळजी होती. आचारीही त्याच विमानातून आलाय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आठ वर्षांत हेच मी अनेक हॉटेलांत पाहिलं, आणि अजूनही त्या आठवणीनं मला राग येतो.

बरा झालो आणि डाळीनं गाठलं.

पुण्याचा वीस जणांचा गट होता. चार दिवस पनीर आणि राजमा खाऊन कंटाळलेले. मी मराठी आहे कळल्यावर त्यांच्यातल्या एक आजी भटारखान्याच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "साधं वरण-भात कराल का हो?" मला इतका आनंद झाला की दोन किलो तूरडाळ धुऊन लगेच कुकरला लावली. घरच्यासारख्या तीन शिट्ट्या. उघडून बघतो तर डाळ अख्खी, दाताखाली करकरणारी. आणखी दोन शिट्ट्या. तरीही वर पाणी, खाली दाणे. आजी टेबलावर वाट बघत बसलेल्या.

लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. आणखी उंचावरच्या पँगाँग तलावाकाठी त्याहूनही कमी अंशांवर. भांड्यात पाणी खळखळतंय म्हणजे ते पुरेसं गरम आहे, हा आपल्या हाताला लागलेला हिशोब तिथे खोटा ठरतो. उघड्या पातेल्यात डाळ कितीही खळखळली तरी लवकर शिजत नाही. कुकर लावला तरी शिट्टीवर विश्वास ठेवता येत नाही, हे मला समजायला वेळ लागला. शिट्टीचं वजन बाहेरच्या हवेच्या दाबावर ठरलेली भर घालतं. बाहेरचाच दाब कमी, त्यामुळे आतलं पाणी वाईच्या कुकरइतकं तापत नाही, आणि शिट्टी मात्र त्याच आवाजात वाजते. दाजूनं शिकवलं: तूरडाळ सकाळीच भिजत घाल, हळद-तेल घालून सात शिट्ट्या काढ, मग गॅस बंद करून कुकर आपोआप निवू दे. राजमा, छोले रात्रभर भिजवून त्याच्याही दुप्पट. त्या रात्री आजींना मूगडाळीचं वरण दिलं, मूग तेवढ्या वेळात शिजले म्हणून. दुसऱ्या दिवशी तुरीचं केलं. लिंबू मिळालं, साजूक तूप त्यांच्याच पिशवीतलं होतं. आजींनी दोनदा भात घेतला.

असं एकेक शिकावं लागलं. भात पंख्याखाली ठेवल्यासारखा वाळतो. हवा इतकी कोरडी की मळलेल्या कणकेवर पाच मिनिटांत पापडी धरते, त्यामुळे गोळा कायम ओल्या फडक्यात. पोळी तव्यावरून उतरली की लगेच गुंडाळायची, नाहीतर तिचा पापड होतो. इडलीचं पीठ जूनमध्येही फुगायला कुरकुरतं, ते तंदूरच्या बाजूला पोत्यात लपेटून ठेवायचो. बटाटेवडा नेहमीच्या कडक तेलात सोडला की वरून लाल आणि आत ओला, कारण आतलं पाणी लवकर वाफ होऊन निघतं पण पीठ शिजायला लागणारी धग काही तेवढ्यात पोचत नाही. तेल जरा मंद ठेवून तळायचं. आणि कुकरची रबरी रिंग. कुकर दिवसभर चढता, कोरडी हवा, कडाक्याच्या रात्री. रिंग महिन्या-दोन महिन्यांत कडक होऊन चिरते, आणि हवी त्या मापाची रिंग लेहच्या बाजारात हवी तेव्हा मिळेलच असं नाही. हे सगळं ज्याच्या हाताला येतं त्याला दुसऱ्या वर्षी हॉटेलवाले स्वतः फोन करतात. माझ्या बाबतीत तसंच झालं. तिसऱ्या हंगामात मी पाच जणांच्या भटारखान्याचा मुख्य होतो. महाबळेश्वरात तिथवर पोचायला मला आणखी दहा वर्षं लागली असती. भाच्याला 'जा' म्हणावंसं वाटतं ते प्रामुख्यानं यासाठी. तिथे माणसं कमी आहेत, काम जास्त आहे, आणि ज्याला येतं त्याला शेगडी मिळते.

काम किती जास्त? २०११ च्या जनगणनेत सगळ्या लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आत होती. २०२२ आणि २०२३ मध्ये दर वर्षी पाच लाखांहून जास्त पर्यटक आले. घरच्या माणसांच्या जवळजवळ दुप्पट पाहुणे, तेही बहुतेक सगळे पाच महिन्यांत. लडाखी घरातली शिकलेली मुलं गाइड होतात, गाडी चालवतात, गेस्टहाउस सांभाळतात. परक्याच्या हॉटेलात भांड्याला हात लावणारी थोडी. त्यामुळे शेगड्यांपाशी नेपाळी, बिहारी, गढवाली, दार्जिलिंगची पोरं. महाराष्ट्रातल्या सहल कंपन्या तर आपला आचारी बरोबर घेऊनच येतात, कारण आपल्या माणसाला सहाव्या दिवशी पोहे आणि ताक लागतंच. तेही एक कामच आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी पोरासाठी कदाचित सगळ्यात सोपी वाट.

दिवस विचित्र असतो. पाहुणे पँगाँग, नुब्राला पहाटे निघतात, म्हणून चार वाजता उठून पाच वाजता नाश्ता आणि बांधून द्यायचे पराठे. दिवसभर हॉटेल ओस. मग रात्री साडेसातपासून सगळे एकदम, थकलेले, भुकेले. दुपारचे चार-पाच तास मोकळे मिळतात. बहुतेक पोरं झोपतात. मी पहिल्या वर्षी झोपलो, दुसऱ्या वर्षी चांगस्पाच्या बाजूला एका घरी जायला लागलो. तिथली आमा-ले, म्हणजे घरची आई, आमच्या हॉटेलला पालेभाजी द्यायची. माझं लडाखी 'जुले'पुरतं, म्हणजे नमस्कारापुरतं, तिचं हिंदी तेवढंच. तिच्या चान्सात, म्हणजे घराच्या मोठ्या स्वयंपाकघरात, भिंतभर तांब्या-पितळेची भांडी मांडलेली. तिच्या हाताखाली मी स्क्यू शिकलो. कणकेच्या गोळ्या अंगठ्यानं दाबून वाट्या करायच्या आणि सलगम, गाजर, बटाट्याच्या रश्शात त्या शिजवायच्या. आपल्या वरणफळांच्या घरातलाच पदार्थ. शिट्टी नाही, कुकर नाही, तरी शिजतो, कारण तो त्या पाण्यासाठीच जन्मलाय. सातू आणि वाटाण्याच्या पिठाचा पाबा, त्याबरोबर रानभाजी घातलेलं ताक, ते तांगतुर. खंबीरची जाड भाकरी. मी हे शिकत होतो तेव्हा आमच्या हॉटेलच्या मेनूवर यातलं एकही नव्हतं. थुक्पा आणि मोमो असायचे, बाकी सगळं दिल्लीचं.

पुढे चित्र बदललं. २०१६ मध्ये निल्झा वांगमो यांनी अल्ची गावात, तिथल्या जुन्या मठाजवळ, 'अल्ची किचन' सुरू केलं. स्थानिक बायकांनी चालवलेलं, पाहुण्यांसमोर उघडं स्वयंपाकघर, आणि ताटात छुतागी, स्क्यू, जर्दाळूचे गोड पदार्थ. त्यांना २०२० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. ती बातमी वाचली तेव्हा मी वाईत होतो आणि मला आमा-लेच्या चान्सातला धूर आठवला. आता लेहमध्ये लडाखी जेवणाला मागणी आहे, आणि ते येणाऱ्या आचाऱ्याला किंमत आहे. बाहेरून आलेल्या पोरानं ते शिकताना ज्यांचं आहे त्यांच्याकडूनच शिकावं, त्यांच्या नावानं वाढावं. पनीर बटर मसाला करणारे हजार आहेत.

आता त्या पाच महिन्यांबद्दल. सगळं अवलंबून आहे ते दोन रस्त्यांवर आणि एका विमानतळावर. श्रीनगरचा रस्ता झोजी-लावरून, मनालीचा बारालाचा-ला आणि तांगलांग-लावरून; 'ला' म्हणजे घाट. हिवाळ्यात बर्फ पडलं की हे घाट बंद. २०२० मध्ये अटल बोगदा झाला, जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा झाला, झोजी-लाचा तेरा किलोमीटरहून लांब बोगदा खोदला जातोय. तो झाला की हंगाम लांबेल असं सगळे म्हणतात, आणि मलाही तशी आशा आहे. पण आज आचाऱ्याचा पगार रस्ता उघडा असेपर्यंतच. आणि रस्ता उघडा असूनही माणसं न येण्याची कारणं असतात. २०१० च्या ऑगस्टमध्ये ढगफुटी झाली. २०२० ला महामारी आली, तेव्हाच माझं लेह सुटलं. २०२५ मध्ये एप्रिलात पहलगामला हल्ला झाला, मे महिन्यात लेहचा विमानतळ काही दिवस नागरी विमानांना बंद होता, सप्टेंबरात शहरात संचारबंदी लागली. त्या वर्षी दाजूच्या ओळखीतल्या कितीतरी जणांना जुलैमध्येच "पुढच्या वर्षी या" म्हणून सांगण्यात आलं. कागद कुणाकडेच नव्हता. फोनवर ठरलेला पगार फोनवरच संपला.

म्हणून भाच्याला पहिली गोष्ट सांगितली ती कागदाची. पाच महिने म्हणजे कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, तिकीट कोणाचं, हंगाम मध्येच मोडला तर काय, आजारी पडला तर काय. दोन ओळी का होईना, लिहून आणि सही करून. दुसरी गोष्ट, प्रीपेड सिम. महाराष्ट्राचं प्रीपेड तिकडे चालत नाही, पोस्टपेड घे. पहिल्या वर्षी मी अठरा दिवस घरी फोन करू शकलो नव्हतो आणि आईनं देव पाण्यात ठेवले होते.

सरकारी नोकरीचंही त्यानं विचारलं. लडाख प्रशासनातल्या जागांचा विचार सोड म्हणालो. जून २०२५ च्या नियमांनी ८५ टक्के जागा स्थानिकांसाठी ठेवल्यात आणि स्थानिक ठरायला १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. मला ते रास्त वाटतं, इतक्या थोड्या लोकांचा मुलूख आहे तो. सीमा सडक संघटनेत मात्र कुकची पदं निघतात, भरती आपल्या पुण्यातच दिघीच्या ग्रेफ सेंटरवर, म्हणजे त्यांच्याच दलाच्या केंद्रावर होते. लडाखचे रस्ते त्यांच्या हिमांक आणि विजयक या प्रकल्पांकडे आहेत. लागला तर देशात कुठेही पाठवतील, पण निवृत्तीपर्यंतचं काम.

हिवाळ्याचं मी त्याला फार सांगितलं नाही, पण इथे सांगतो, कारण लेहमध्ये टिकायचं असेल तर शेवटी तिथेच येऊन पोचावं लागतं. ऑक्टोबर संपता संपता हॉटेलवाले नळ मोकळे करून ठेवतात, नाहीतर आतलं पाणी गोठून पाइप फुटतात. त्यानंतर मोजकी कामं उरतात: गोठलेल्या झंस्कार नदीवरचा चादर ट्रेक, हिमबिबट्या बघायला येणारे लोक, बर्फावरचे खेळ. २०१६-१७ चा हिवाळा मी हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुमबाक गावात काढला. मूठभर घरं. झिंगचेनपासून सामान पाठीवर नाहीतर घोड्यावर घेऊन चालत जायचं. दुर्बिणी लावून दिवसदिवस डोंगर न्याहाळणाऱ्या परदेशी पाहुण्यांना तिन्ही वेळचं जेवण, असं काम.

सिलिंडर भरलेला असूनही सकाळी गॅस येत नाही, कारण थंडीत आतल्या द्रवाची वाफच होत नाही. कोमट पाण्याच्या घमेल्यात त्याला उभं करायचं आणि थांबायचं. अंडी आतून गोठून तडकतात. कांदा एकदा गोठून सुटला की त्याचा लगदा होतो, म्हणून कांद्याचं पोतं माझ्या अंथरुणाशेजारी, गोधडीखाली. घरची बाई मात्र निवांत. तिचे बटाटे, सलगम, गाजरं जमिनीखालच्या खड्ड्यात, भाजी सप्टेंबरात वाळवून ठेवलेली, चुलीला शेणाच्या गोवऱ्या आणि वाळुंजाच्या काटक्या. तिच्या चुलीपाशी बसून मी स्वयंपाक करायला लागलो तेव्हा माझी निम्मी अडचण संपली. एक गोष्ट तिनं हातवारे करून बजावली होती: निजताना निखारे आत ठेवायचे नाहीत. बंद तंबूत किंवा खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. भाच्याला हे मात्र मी तीनदा सांगितलं, तो उन्हाळ्यातच जातोय तरी. पँगाँगच्या तंबूंत जूनमध्येही रात्री शेगडी आत ओढायचा मोह होतो.

त्या हिवाळ्याचे पैसे उन्हाळ्यापेक्षा जास्त मिळाले. पुन्हा गेलो नाही. आईचं वय झालं होतं आणि माझे हात फेब्रुवारीत भेगाळून रक्ताळले होते, दोन्ही कारणं खरी. ज्याला घरची ओढ कमी आहे आणि ट्रेकचा स्वयंपाक येतो त्याच्यासाठी तिथे काम वाढतंय. इतरांनी उन्हाळा तिकडे आणि हिवाळा गोव्यात किंवा महाबळेश्वरात असं वर्ष बांधावं. दाजू अजून तसंच बांधतो. त्याच्या मुलीचं काठमांडूतलं नर्सिंगचं शिक्षण त्याच बांधणीतून झालं.

भाचा जायचं म्हणतोय. त्याच्या बॅगेत मी काळा मसाला, आमसुलं, दोन किलो पोहे आणि कुकरच्या तीन रिंगा भरल्या. रिंगा तीन मापांच्या, कारण तिथला कुकर कुठला असेल ते माहीत नाही. मग त्याच्या मॅनेजरचा नंबर घेतला आणि फोन लावला. माझी ओळख सांगितली, आठ हंगाम केलेत म्हणालो. मग म्हणालो, "साहेब, पोरगा चौदा तारखेला उतरतोय. सोळाला सकाळी शेगडीवर येईल. त्याआधी नाही." पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. पंधराला तीस जणांचा गट आहे, असं काहीसं ते बोलायला लागले. मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो. शेवटी ते म्हणाले, "ठीक है, सोलह."

चौदाला दुपारी भाच्याचा फोन आला, नव्या पोस्टपेड नंबरवरून. डोकं दुखतंय, पण फार नाही. खोली भटारखान्याच्या वरच आहे. खालून कुकरचा आवाज येतोय आणि उठून बघावंसं वाटतंय म्हणाला.

"पाणी पी," मी म्हणालो. "पडून राहा."

"मामा, नऊ शिट्ट्या झाल्या. राजमा असेल ना?"

"असेल. तू पडून राहा."